चिमणरावापासून बाबुलीपर्यंत

चिं. वि. जोशी यांचा चिमणराव दूरदर्शनवर आला तो १९७७ साली. त्याआधी चाळीसएक वर्षं तो मराठी घरांमध्ये पुस्तकातून राहत होता. जोशी बडोद्यात असायचे. पाली भाषेचे ते मोठे अभ्यासक होते, पण महाराष्ट्रानं त्यांना डोक्यावर घेतलं ते चिमणराव, गुंड्याभाऊ, काऊ आणि मोरू-राघूच्या गोष्टींसाठी. त्यामुळे मुंबई दूरदर्शननं मालिकेचा घाट घातला तेव्हा एक अडचण होती. प्रत्येक वाचकानं आपापला चिमणराव मनात केव्हाच पक्का करून ठेवला होता. पडद्यावर येणारा नट आवडण्यापेक्षा खटकण्याचीच शक्यता जास्त.

शिवाय ही वाट आधीच मळलेली होती. मास्टर विनायकांच्या 'लग्न पहावं करून' (१९४०) आणि 'सरकारी पाहुणे' (१९४२) या चित्रपटांत दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले होते आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. तिरळ्या डोळ्यांचे दामुअण्णा नुसते समोर उभे राहिले तरी थिएटरात हशा पिकत असे. त्यांचं शरीरच विनोदी नटाचं होतं.

दूरदर्शनवर चिमणराव झालेल्या दिलीप प्रभावळकरांकडे असं जन्मजात भांडवल काहीच नव्हतं. सडपातळ अंगकाठी, साधा चेहरा. लोकलच्या गर्दीत शेजारी उभे राहिले तर कोणी वळून पाहणार नाही, असं एकूण रूप. मग त्यांनी चिमणराव घडवला तो आवाजातून आणि अंगाच्या ठेवणीतून. धोतर, कोट, टोपी हा पोशाख तर पुस्तकातच होता. त्याला त्यांनी किनरा, वरच्या पट्टीतला आवाज दिला आणि सतत आपली अब्रू सांभाळत चालणाऱ्या माणसाची किंचित अवघडलेली चाल दिली. शेजारी बाळ कर्व्यांचा भरदार गुंड्याभाऊ, हातात सोटा घेतलेला. दोघे चौकटीत एकत्र आले की तोंड उघडण्याआधीच निम्मी गोष्ट सांगून झालेली असे.

पण रंगभूषा आणि आवाज हा वरचा भाग झाला. चिमणरावाचा विनोद मुळात फार नाजूक आहे. गोष्टी तोच सांगतो, स्वतःच्या फजितीच्या, आणि तेही अगदी गंभीरपणे. आपण हास्यास्पद दिसतो आहोत याची त्याला गंधवार्ताही नसते. नटानं जरा डोळे मिचकावले, 'बघा, मी किती मजेशीर आहे' असं सुचवलं, की चिमणराव संपला. प्रभावळकरांनी ते कधीच केलं नाही. त्यांचा चिमणराव मनापासून घाबरायचा, मनापासून बढाया मारायचा, मनापासून तोंडघशी पडायचा. कृष्णधवल टीव्हीच्या त्या काळात, जेव्हा एका घरात वाड्यातली सगळी बिऱ्हाडं जमायची, तेव्हा हा माणूस लोकांना खरा वाटला. १९७९ साली याच जोडीला घेऊन 'चिमणराव गुंड्याभाऊ' हा चित्रपटही निघाला.

विनोदी नट पुष्कळ असतात. चरित्रनटही पुष्कळ असतात. विनोदाची जाण असलेला आणि प्रत्येक वेळी वेगळा माणूस उभा करणारा चरित्रनट मात्र विरळा. मराठीत या जातीचा सर्वांत मोठा नट म्हणून प्रभावळकरांचं नाव घ्यावं लागेल, आणि ते घेताना हात आखडता घेण्याचं काही कारण नाही.

त्यांचा जन्म ४ ऑगस्ट १९४४ चा, मुंबईचा. शिक्षण विज्ञानाचं. नाटक हे बराच काळ नोकरी सांभाळून करायचं काम होतं, जसं त्या पिढीतल्या बहुतेक मराठी नटांचं होतं. बाळ कर्वेसुद्धा मुंबई महापालिकेत अभियंते होते. दिवसा कचेरी, संध्याकाळी तालीम आणि शनिवार-रविवारी प्रयोग. प्रायोगिक आणि हौशी नाटक मुंबईत जगलं ते या वेळापत्रकावर.

त्यांना घडवलं रत्नाकर मतकरींनी. मतकरींची बालनाट्याची चळवळ १९६० च्या दशकात सुरू झाली, आणि तिच्यातल्या 'अलबत्या गलबत्या' या नाटकात प्रभावळकर झाले चिंची चेटकीण. मुलांसमोर काम करणं ही नटाची फार कडक परीक्षा. मोठी माणसं कंटाळली तरी सभ्यपणे बसून राहतात. मुलं लगेच बोलायला लागतात, पाणी मागतात, उठून जातात. चेटकिणीची भीती वाटली पाहिजे, पण मूल रडत आईच्या कुशीत शिरेल इतकी नको, आणि त्याच वेळी तिचं हसूही आलं पाहिजे. भय आणि हसू यांचं हे प्रमाण प्रयोगागणिक, समोरच्या पोरांकडे बघून जुळवावं लागतं. प्रभावळकरांचं पुढचं बरंचसं काम या एका कौशल्यावर उभं आहे, असं त्यांच्या भूमिका ओळीनं पाहिल्यावर वाटतं.

चिंचीमुळे आणखी एक दार उघडलं. पुरुषानं बाई होण्याची मराठी परंपरा मोठी आहे. बालगंधर्व हे तिचं शिखर. तिथं सौंदर्य होतं, संगीत होतं, शालूचा रुबाब होता. विनोदी नटानं साडी नेसली की मात्र ती बहुधा थट्टा होते, आणि स्वस्तातली होते. पदर सावरण्याचे, लचकण्याचे ठरावीक चाळे केले की टाळ्या मिळतात. 'वासूची सासू' या नाटकात प्रभावळकर सासू झाले तेव्हा त्यांनी हा सोपा रस्ता टाळला. बाईपणाची टिंगल न करता त्यांनी एक विशिष्ट वयाची, विशिष्ट तोऱ्याची बाई उभी केली, आणि लोक हसले ते तिच्या स्वभावाला.

इंग्लंडमध्ये अशा कामाची मोठी परंपरा आहे. 'द बेल्स ऑफ सेंट ट्रिनियन्स' (१९५४) या चित्रपटात अॅलस्टर सिम यांनी मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका मिस फ्रिटन यांचं काम केलं आणि त्याच चित्रपटात त्या बाईंच्या भावाचंही. त्याआधी १९४९ मध्ये 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स'मध्ये अॅलेक गिनेस एकाच खानदानातली आठ माणसं झाले होते, त्यातली एक बाई. या नटांना नायकाचा चेहरा नव्हता आणि तो नसणं हीच त्यांची ताकद ठरली. प्रेक्षक त्यांना बघायला यायचा, पण प्रत्येक वेळी कोण भेटणार हे त्याला ठाऊक नसायचं.

मराठीत या तोडीचा खेळ रंगला तो 'हसवा फसवी'त. १९९१ च्या या नाटकाचं लेखन प्रभावळकरांचं, दिग्दर्शन चंद्रकांत कुलकर्णींचं, निर्मिती सुधीर भटांच्या 'सुयोग'ची. एका प्रयोगात प्रभावळकर सहा माणसं साकारायचे, त्यात एक बाईही. सिनेमात आठ भूमिका करणाऱ्याला दिवसांचा अवकाश मिळतो. आज एकाची रंगभूषा, उद्या दुसऱ्याची. रंगमंचावर हे सगळं अडीच-तीन तासांत, विंगेतल्या अंधारात, मिनिटांच्या हिशेबानं करावं लागतं. कपडे, टोप, मिशा बदलायच्याच, पण त्याहून अवघड म्हणजे श्वास बदलायचा. एका माणसाचा वेग अंगातून उतरवायचा आणि दुसऱ्याचा चढवायचा.

त्या सहांमधले कृष्णराव हेरंबकर लोकांच्या जास्त लक्षात राहिले. संगीत नाटकाच्या सुवर्णकाळातले हे वृद्ध गायक नट. थकलेले, पण बोलण्यात अजून त्या काळाची अदब आणि खानदानी गोडवा. त्यांच्याकडे बघून हसू येतं आणि ते ओठांवर असतानाच घसा दाटतो. हसवण्यासाठी लिहिलेल्या नाटकात एक माणूस असा ठेवावा, हा लेखक प्रभावळकरांचा निर्णय. तो निभावला नट प्रभावळकरांनी. स्वतःसाठी लिहिणारा नट बहुधा स्वतःला टाळ्यांच्या जागा लिहून देतो. इथं त्यानं स्वतःला अवघड जागा लिहून दिल्या.

त्याच सुमाराची दोन कामं शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. जयवंत दळवींच्या 'नातीगोती' नाटकात ते मतिमंद मुलाचे वडील होते. आई स्वाती चिटणीस, मुलगा अतुल परचुरे. मुलाला कसं सांभाळायचं, आपल्यामागे त्याचं काय होणार, या प्रश्नानं पिचून गेलेलं मध्यमवर्गीय घर. आणि १९९१ च्या 'चौकट राजा' चित्रपटात ते स्वतःच नंदू हा मतिमंद तरुण झाले. दिग्दर्शक संजय सूरकर. निर्मिती स्मिता तळवलकरांची, आणि नंदूच्या बालमैत्रिणीचं, मिनलचं कामही त्यांचंच. लहानपणी झाडावरून पडून डोक्याला मार बसलेला नंदू वयानं वाढतो, पण मनानं तिथंच थांबतो. सुलभा देशपांडे त्याची आई.

अशा भूमिकेत नट हमखास घसरतो. आजाराची लक्षणं गोळा करतो आणि ती एकामागून एक दाखवत सुटतो. मान वाकडी, हात वाकडा, लाळ, तोतरेपणा. बघणाऱ्याला नटाची मेहनत दिसते, माणूस दिसत नाही. प्रभावळकरांचा नंदू मात्र आधी नंदू आहे. त्याचे हट्ट आहेत, आनंद आहेत, मिनल भेटल्यावर उसळणारी आठवण आहे. इथं विनोदी नटाची शिस्त कामी आलेली दिसते. हशा मिळवण्यासाठी वाक्याआधी नेमकं किती थांबायचं हे ज्याला कळतं, त्याला करुणेसाठी किती थांबायचं हेही कळतं. नंदू उत्तर द्यायला वेळ लावतो. त्या वेळात प्रेक्षक त्याच्या आईच्या जागी जाऊन बसतो. एकदा मुलाचा बाप म्हणून आणि एकदा खुद्द मूल म्हणून, एकाच दुःखाच्या दोन्ही बाजूंना उभं राहण्याची संधी फार थोड्या नटांना मिळते.

आणि दोनच वर्षांनी तात्या विंचू.

महेश कोठारेंचा 'झपाटलेला' (१९९३) हॉलिवूडच्या 'चाइल्ड्स प्ले'वरून सुचलेला. मरणाऱ्या तात्या विंचू या गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो. बाहुल्याचा खेळ रामदास पाध्यांचा, आवाज प्रभावळकरांचा. माणूस म्हणून ते पडद्यावर थोडाच वेळ आहेत, पण तेवढ्यात चेहरा, हसणं आणि आवाजाचा घोगरेपणा असा ठसवतात की पुढं लाकडी बाहुला बोलू लागला तरी आपल्याला आत तोच माणूस दिसतो. १९९० च्या दशकात लहान असलेल्या पिढीला विचारावं, रात्री पलंगाखाली कोण असायचं! मुलांना भीती आणि हसू एका मापात देण्याचं जे काम मतकरींच्या बालनाट्यात सुरू झालं होतं, त्याचंच हे पुढचं रूप. भुताखेतांशी त्यांचं नातं तसं जुनंच. 'एक डाव भुताचा' (१९८२) मध्ये अशोक सराफांच्या इतिहासकाळातल्या भुताची साथ मिळणारे मास्तर त्यांनी केले होते, आणि 'पछाडलेला'त पुन्हा इनामदार भुसनळे होऊन अंगात संचारायचं काम केलं. 'एन्काउंटर : द किलिंग' (२००२) या हिंदी चित्रपटातला त्यांचा पुन्नप्पा मात्र निव्वळ जरब आहे. हसण्याला तिथं जागाच नाही.

२००१ मध्ये 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका आली. मूळ लेखन प्रभावळकरांचंच, 'लोकसत्ता'तलं 'अनुदिनी' हे सदर. दिग्दर्शन केदार शिंदे यांचं. निवृत्त आबा टिपरे रोजनिशी लिहितात. मुलगा, सून, नातू आणि नात यांच्या घरात काय काय घडतं ते बघतात आणि फारसं कुणाला न दुखावता टिपून ठेवतात. टीव्हीवरच्या मालिकांत सासू-सुनांची कारस्थानं जोर धरत होती, त्या काळात हे घर वेगळं उठून दिसलं. इथं कोणी कोणाचा खून करत नव्हतं, इस्टेट लाटत नव्हतं. दूधवाला, परीक्षेचे निकाल, नोकरीतली बढती, शेजारपाजार. आबा कोपऱ्यातल्या खुर्चीतून हे सगळं पाहतात. बऱ्याच प्रसंगांत त्यांना वाक्यंही थोडी आहेत. ऐकणं हे नटाचं सर्वांत अवघड काम, आणि आबांची भूमिका म्हणजे मुख्यतः ऐकणं. समोरचा बोलत असताना त्यांच्या चेहऱ्यावर जे चाललेलं असतं, त्यात मालिकेचा निम्मा विनोद आहे.

हेच ऐकणं त्यांना गांधींपर्यंत घेऊन गेलं. राजकुमार हिरानींचा 'लगे रहो मुन्नाभाई' १ सप्टेंबर २००६ रोजी प्रदर्शित झाला. पडद्यावर गांधी यापूर्वी होऊन गेले होते. बेन किंग्जलींचा १९८२ चा गांधी तर ऑस्करविजेता. पण तो इतिहासातला गांधी. हिरानींचा गांधी मुंबईतल्या एका टपोरीच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. तीन दिवस, तीन रात्री वाचनालयात बसून गांधींविषयी वाचल्यावर मुन्नाला ते दिसू लागतात, आणि फक्त त्यालाच दिसतात. नटाच्या दृष्टीनं ही विलक्षण अडचणीची जागा. खोलीत दहा माणसं आहेत, त्यांतली नऊ तुमच्याकडे बघतही नाहीत, तुमच्या वाक्यावर प्रतिक्रिया देत नाहीत. तुम्ही आहात आणि नाही आहात. शिवाय तुम्ही गांधी आहात. एक पाऊल चुकलं तर चेष्टा, आणि भक्तिभाव जरा जास्त झाला तर पुतळा.

प्रभावळकरांनी गांधींची नक्कल केली नाही. ध्वनिमुद्रणांतला मूळ आवाज उचलला नाही. मऊ, संथ, जवळच्या माणसाशी बोलावं असा आवाज ठेवला. उपदेश करायचा असतो तिथंही हे बापू मुन्नाकडे आजोबांच्या नजरेनं बघतात आणि त्याचं बोलणं आधी पुरतं ऐकून घेतात. हसू क्वचित, आणि तेही डोळ्यांत. पुढं कथेत उघड होतं की मुन्नाला जे ठाऊक आहे तेवढंच हे बापू सांगू शकतात. तिथून मागं वळून बघितलं की लक्षात येतं, त्यांचा प्रत्येक सल्ला मुन्नाच्याच आतून आलेला असावा इतका साधा ठेवलेला होता. या चित्रपटासाठी आणि गजेंद्र अहिरेंच्या 'शेवरी' या मराठी चित्रपटासाठी मिळून त्यांना सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या वर्षी रस्त्यारस्त्यांवर लोक गुलाबाची फुलं घेऊन निषेध करायला लागले, 'गांधीगिरी' हा शब्द वर्तमानपत्रांत रोज येऊ लागला. त्या शब्दाला चेहरा होता तो दादरच्या या मराठी नटाचा.

या सगळ्यात त्यांचं लेखन झाकोळून जातं, हे बरोबर नाही. 'गुगली', 'हसगत', 'कागदी बाण' अशी विनोदी लेखनाची पुस्तकं आहेत. 'चूक भूल द्यावी घ्यावी' हे नाटक आहे. आणि मुलांसाठी 'बोक्या सातबंडे' आहे. हा दहा वर्षांचा उपद्व्यापी, पण मनानं नितळ मुलगा आधी पुस्तकांतून आणि मग २००९ मध्ये चित्रपटातून मुलांना भेटला. 'एका खेळियाने' हे त्यांचं अभिनयप्रवासावरचं पुस्तक तर नाटक-सिनेमात येऊ पाहणाऱ्या प्रत्येकानं वाचावं. भूमिका कशी सापडते, कुठं हुकते, एखाद्या माणसाची लकब कुठून उचलली जाते, हे इतकं सरळ सांगणारं मराठीत दुसरं फारसं नाही.

त्यांनी उभ्या केलेल्या काही भूमिका आता पुढच्या नटांकडे गेल्या आहेत. २०१८ मध्ये 'अलबत्या गलबत्या' पुन्हा रंगमंचावर आलं तेव्हा वैभव मांगले चिंची चेटकीण झाले आणि नव्या पोरांनी पुन्हा थिएटर डोक्यावर घेतलं. 'हसवा फसवी'तली सहा माणसं पुष्कर श्रोत्रींनी अंगावर घेतली. त्याच २०१८ मध्ये मतकरींचं 'आरण्यक'ही परत आलं. महाभारत युद्धानंतरच्या वृद्ध धृतराष्ट्र, गांधारी, कुंती, विदुर यांचं हे नाटक. १९७० च्या दशकात रवी पटवर्धन त्यात धृतराष्ट्र होते आणि प्रभावळकर विदुर. चार दशकांनंतर दोघे त्याच भूमिकांत उभे राहिले. तरुणपणी ज्या म्हातारपणाचा अभिनय केला होता, ते आता खरोखर अंगात होतं.

ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस बाळ कर्वे गेले, वयाच्या ९५ व्या वर्षी. त्यानंतर काही दिवसांतच, १२ सप्टेंबरला, सुबोध खानोलकरांचा 'दशावतार' पडद्यावर आला. त्यात ८१ वर्षांचे प्रभावळकर बाबुली मेस्त्री आहेत. कोकणातला म्हातारा दशावतारी. नजर मंदावत चाललेली, मुलगा म्हणतो आता थांब, पण चेहऱ्याला रंग लावल्याशिवाय याला जगता येत नाही.

दशावतार नटाकडून काय मागतो, हे दुसऱ्या एका लोककलेशेजारी ठेवून नीट कळतं. कोकणच्या उत्तर टोकाला, पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्यात, बोहाड्याची सोंगं निघतात. तिथं कागदाच्या लगद्याचा मोठा मुखवटा सोंगाड्याचं सगळं तोंड झाकतो आणि देव किंवा राक्षस उभा राहतो तो अंगाच्या झुलण्यातून, संबळाच्या तालावर. सिंधुदुर्गातल्या दशावतारात चेहरा उघडा असतो, फक्त रंगवलेला, आणि त्यामुळे नटाला बोलावं लागतं. हे बोलणं कुठं लिहिलेलं नसतं. कथानक ठरलेलं असतं. संवाद मात्र पेटी-पखवाजाच्या साथीनं, रात्रभर, समोरच्या माणसांकडे बघून उभ्या उभ्या रचायचे. बाबुली ही भूमिका म्हणूनच महत्त्वाची आहे. प्रभावळकरांचं बहुतेक काम आखीव, मोजून-मापून केलेलं, पुष्कळदा स्वतःच लिहिलेलं. इथं ते ज्या कलावंताचं काम करत होते, त्याच्या हातात कधीच संहिता नसते. त्यासाठी त्यांनी मालवणी बोलीचा हेल पकडला, दशावतारी देवांची आणि राक्षसांची उभं राहायची धाटणी अंगात आणली, आणि ऐंशी ओलांडलेल्या वयात राक्षसाची आरोळीही ठोकली.